दीड किलोचा कॅमेरा

वांगेबोडीच्या मच्छीमार सोसायटीत कॅमेरे काट्यावर चढले, तेव्हाच भागीरथाबाईनं ओळखलं की आज इथे शहाणपणाला बसायला जागा मिळणार नाही.

सोसायटी म्हणजे तलावाच्या पाळीवरची टिनाची शेड. शेडच्या आड्याला टांगलेला गोल तबकडीचा काटा. त्याच्या हुकाला आजवर रोहू लटकले, कटला लटकले, अध्यक्षांचा नातू लटकला आणि वजन होईस्तोवर खिदळला. कॅमेऱ्याची ही पहिलीच वेळ. अध्यक्ष बापूरावांनी मोठ्या कॅमेऱ्याची काळी पिशवी पट्ट्यानं हुकात अडकवली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखून धरला.

"दीड किलो," ते म्हणाले. "वरतून पन्नास गराम."

मग लहान कॅमेरा. तो साबणाच्या वडीएवढा, हुकात अडकेना. म्हणून कोणीतरी त्याला प्लास्टिकच्या पन्नीत घातलं.

"दोनशे गराम. पन्नीसकट."

"भाव?" मागून सोसायटीतल्या पत्रूनं विचारलं.

"दोघायचा एकच," आरमोरीचा भूपेश म्हणाला. तो आपला फोटो स्टुडिओ आता गुंडाळत होता, आणि दोन्ही कॅमेरे त्यानंच विकायला आणले होते. मोठा जुना होता, बारा-तेरा वर्षांचा, पण लांब भिंगासकट. लहान त्यामानानं नवा.

"मंग बोलाचं कायले?" बापूराव सगळ्यांकडे वळले. "एकाच पैशात दीड किलोबी भेटते आन् पावशेरबी भेटते. कोणता शहाणा पावशेर घेईन?"

सोळा माना हलल्या. मासे विकून विकून या माणसांची बुद्धी काट्याच्या तबकडीएवढी गोल झाली आहे, आणि तिच्यात एकच काटा फिरतो, असं भागीरथाबाईला वाटलं. बोलायचं तेवढं तिनं आधीच बोलून पाहिलं होतं.

खरं तर कॅमेरा बायांचा होता. भागीरथाबाईच्या अकरा जणींच्या गटानं दोन वर्षं तलावात माजलेली बेशरमची झुडपं उपटली, काठाला पाणगवत लावलं, देवधान राखलं. ते पाहून जिल्ह्यातल्या एका संस्थेनं सांगितलं, तुमच्या तलावात काय काय जगतं त्याची वही करा, मासे, झाडं, पक्षी, सगळ्यांचे फोटो लावा, कॅमेऱ्याचे पैसे आम्ही देतो. तर पैसे बायांना आले, काम बायांचं होतं, तेव्हा कॅमेरा कोणता घ्यायचा हे साहजिकच पुरुषांनी ठरवलं.

गावात मोबाइल नव्हते असं नाही. पण चांगले मोबाइल नवऱ्यांच्या आणि पोरांच्या खिशात, आणि ते पाण्यात नेते म्हटलं की मालकाचा चेहरा असा होई, जसं काय त्याची किडनीच मागितली. भागीरथाबाईचा स्वतःचा फोन बटणाचा. त्यात बोलणं आणि टॉर्च, एवढंच.

"भूपेशबाबू," तिनं वजन व्हायच्या आधी विचारलं होतं, "मोठ्याच्या पडद्यात पाहून फोटो काढता येते का जी?"

"नाई ना बाई. जुनं मॉडेल हाय. त्याले डोळाच लावा लागते. पडद्यावर मागून दिसते, फोटो निघाल्यावर."

"आन् लहान्यात?"

"लहान्यात पाहूनच काढाचं."

"मंग मले लहाना पाह्यजे."

यावर बापूरावांचा पुतण्या निकेश मोठ्यानं हसला होता. निकेश तिशीचा. गावात त्याचं कार्ड होतं: लग्न, बारसं, वाइल्डलाइफ. वाइल्डलाइफ म्हणजे एकदा जंगलाच्या रस्त्यावर त्यानं वाघाचा फोटो काढला होता, त्यात झुडूप अगदी स्पष्ट आलं होतं.

"काकू, थे खेळणं हाय," तो म्हणाला. "प्रोफेशनल लोकायच्या हातात पाहा कोणता असते तं. मोठा पाहून समोरचा माणूसच सरळ उभा राह्यते."

"मले माणूस नाई, मासोळी पाह्यजे," भागीरथाबाई म्हणाली. "थे सरळ उभी राह्यत नाई."

पण काटा बोलला होता. दीड किलो घ्यायचं ठरलं. आणि एवढी वजनदार वस्तू बायांच्या हाती कशी द्यायची, म्हणून ती निकेशच्या गळ्यात गेली.

आता कोणाला वाटेल, एवढं काय त्यात? मोठा काय, लहान काय, फोटोच काढायचा आहे. पण उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत एक गोष्ट लिहून ठेवलेली होती.

तलावाच्या खालच्या अंगाला देवधानाचा कोना आहे. देवधान म्हणजे कोणी न पेरता पाण्यात उगवणारा भात. तिथं पाणी मांडीइतकं, खाली मऊ गाळ, आणि पावसाळ्यात त्याच भातात मरळ मासोळी पिल्लं घालते. सोसायटीला तलाव खोल करायचा होता. पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी आणायचा, गाळ काढायचा आणि कटला-रोहूचं बीज सोडायचं, कारण कटला खोल पाण्यात वजन धरतो. बापूरावांचा जीव वजनात. आणि जेसीबी तलावात उतरायला जागा एकच, देवधानाचा कोना.

भागीरथाबाई उभी राहून म्हणाली होती, कोना खोदला तर मरळ कुठी जाईन? बापूराव म्हणाले होते, मरळ इथून कवाचीच गेली. ही म्हणाली, नाई गेली. ते म्हणाले, दाखवा. फोटो दाखवा पिल्लायचा, कोना सोडून देतो. ग्रामसेवक नवा होता आणि नवा माणूस सगळंच लिहितो. त्यानं लिहिलं: पोळ्याआधीच्या सभेत पुरावा आल्यास कोना वगळून खोलीकरण.

शेडमधल्या सोळाच्या सोळा जणांनी लहानपणी त्याच कोन्यात हात घालून मरळ धरली होती. बापूरावांच्या करंगळीवर मरळीनं घेतलेल्या चाव्याची खूण आजही होती. तरी त्यांना फोटो पाहिजे होता.

श्रावण लागला. कॅमेरा गावभर फिरला. निकेशच्या गळ्यात तो पट्ट्यानं लोंबकळे आणि निकेश त्याच्यामागून चाले. कॅमेऱ्यानं एक बारसं पाहिलं, झेंडावंदन पाहिलं, बापूरावांना हात लांब करून तलाव दाखवताना नऊ वेळा पाहिलं. तलावात काय आहे ते मात्र त्यानं पाहिलं नाही. भागीरथाबाईनं विचारलं की बॅटरी चार्ज होऊन राह्यलेली असे. एवढी चार्ज झालेली बॅटरी एखाद्या गावाला महिनाभर वीज देऊ शकली असती.

एका सकाळी रुखमाबाई कंबर धरत दारात आली. रुखमाबाई सत्तरीची, एक डोळा ऑपरेशनचा, दुसरा तसाच. गावात मासोळीविषयी तिला माहीत नाही ते मासोळीलाही माहीत नसावं.

"भागी, चाल. आले."

"कोण आले मावशी?"

"लेकरं व."

दोघी कोन्यावर गेल्या. देवधानाच्या ताटांमध्ये, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, शेंदरी ढग हलत होता. मसुरीची डाळ पाण्यात सांडावी आणि तिला जीव फुटावा, तसा. शेकडो पिल्लं, एकेक तांदळापेक्षा थोडं मोठं, सगळी एकाच मनानं वळत होती. मध्येच ढगाखालचं पाणी काळं होई आणि परत मोकळं होई.

"खाली मायबाप हाय," रुखमाबाई पुटपुटली. "किती दिवसाचे असन... सात-आठ. अजून आठ दिवस लाल राह्यतीन. मंग काळे होते आन् पांगते. मंग नाई सापडत कोणाच्या बापाले."

पोळा बारा दिवसांवर होता. सभा दहा.

निकेशला पकडून आणायला दोन दिवस गेले. तो आला तो बूट घालून. पाळीवर उभा राहिला, पंचवीस पावलं लांब, लांब भिंग लावलं, एक डोळा मिटला, तोंड वाकडं केलं आणि खटाक खटाक सुरू झाला. बराच वेळ खटाकला. मग त्यानं पडद्यावर फोटो दाखवले. पाणी पांढरंफक. पाण्यावर आभाळ. एक खंड्या, थोडा हललेला. दोन फोटो निकेशच्या बुटांचे, ते चुकून निघाले होते, आणि तेच सगळ्यात स्पष्ट होते.

"पिल्लं कुठी हाय याच्यात?"

"पाण्याच्या खाली हाय ना काकू. कसे येतीन?"

"मंग मासोळी काय झाडावर राह्यते? खाली उतर ना."

"दीड किलोची वस्तू घेऊन चिखलात?" निकेशनं पिशवी छातीशी धरली. "पाय घसरला तं कामातून गेला ना कॅमेरा. थो पाण्यासाठी नसतेच."

"तलावाच्या वहीसाठी घेतला आन् पाण्यासाठी नाई?"

"तुमाले टेक्निकल नाई समजणार," निकेश म्हणाला.

भागीरथाबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. या माणसाचे आजोबा डोळे मिटून सांगायचे, जाळ्यात काय आलं ते, हाताला लागलेल्या ओढीवरून. आणि हा. दोन पिढ्यांत माणूस पाण्यातून पाळीवर आला, आणि पाळीवर येऊन काय झाला तर टेक्निकल.

"दे इकडं," ती म्हणाली.

"काकू..."

"पैसे गटाचे हाय. पट्टा काढ."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. निकेशनं पट्टा काढला, आणि त्याच्याशिवाय तो एकदम बराच बारीक दिसायला लागला.

तिनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती पाण्यात उतरली. रुखमाबाईनं काठावरून तिचा पदर धरून ठेवला, बैलाचा कासरा धरावा तसा. पिल्लांपासून दोन हातांवर भागीरथाबाई थांबली. आता कॅमेरा पाण्याजवळ न्यायचा. पण त्याला डोळा लावायचा, म्हणजे डोळाही पाण्याजवळ न्यायचा, म्हणजे डोक्यासकट अख्खी भागीरथाबाई न्यायची. ती वाकली. चष्मा कॅमेऱ्याला अडकला. पट्टा पाण्यात बुडाला. डोळ्यासमोर हिरवा धूर. भिंग घर्र घर्र करत पुढे जाई, मागे येई, पुढे जाई, मागे येई, ठरेचना. इतक्या जवळचं त्याला दिसतच नव्हतं. दूरचं पाहायची सवय लागली की असंच होत असावं.

आणि तेवढ्यात तिच्या नडगीवर खालून धडक बसली. मरळीची. पिल्लांजवळ कोणी आलं की मरळ म्हशीच्या पायालाही सोडत नाही.

"अवो माय!" भागीरथाबाई मागे कोलमडली. कॅमेरा डोक्यावर उचलून धरला तेवढा वाचला. त्या गडबडीत तो आपणहून खटाकलाही. पिल्लं फुटली, देवधानात पांगली. त्या दिवसाचा तेवढा एकच फोटो होता. त्यात आभाळ होतं आणि रुखमाबाईचं उघडं तोंड.

घरी येऊन तिनं नडगीला हळद लावली. मनाशी हिशेब सोपा होता. दिवस थोडे, कॅमेरा चुकीचा. सोसायटीत जाऊन बदलून द्या म्हणावं तर सोळा माणसं परत काटा लावतील. आणि न विचारता बदलला, फोटो नाहीच निघाला, तर? तर बापूराव भर सभेत म्हणतील, बायांच्या हाती दीड किलो दिलं, त्यांनी त्याचं पावशेर केलं. मग कोनाही जाईल आणि पुढच्या दहा वर्षांत गटाचा एकही शब्द कोणी ऐकणार नाही. जेसीबीचं तोंड एकदा त्या गाळात गेलं की मरळ गेली ती गेलीच. मरळीला पत्ता बदलल्याचं कळवता येत नाही.

सकाळच्या बसनं ती आरमोरीला गेली. मांडीवर काळी पिशवी. शेजारच्या बाईनं विचारलं, काय हाय व? ही म्हणाली, वजन.

भूपेशच्या स्टुडिओत पडदे उतरवलेले, भिंतीवरच्या नवरानवरींचे फोटो जमिनीवर उलटे टेकवलेले. त्यानं तिचं म्हणणं ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"बाई, लोक लहाना देऊन मोठा मांगते. मोठा देऊन लहाना मांगणाऱ्या तुमी पहिल्या."

"बरं मंग. कोणी तरी पहिलं पाह्यजेच."

"तुमचे अध्यक्ष माया नावानं बोंबलतीन."

"पावती कोणाच्या नावानं फाडली?"

"महिला गटाच्या."

"गटाची अध्यक्ष कोण?"

भूपेशनं थोडा विचार केल्यासारखं केलं. "तुमी."

"मंग बोंबलू दे ना त्यायले. तुमाले काय, तुमी तं दुकान बंदच करून राह्यले."

तो हसला. आतून लहान कॅमेरा घेऊन आला, पण लगेच दिला नाही. फडक्यानं पुसत राहिला.

"खरं सांगू का बाई? मोठ्यानं मी धंदा केला. साऱ्या तालुक्याचे लग्नं काढले. पण माया पोरीचे फोटो सारे यानंच काढले. मोठा काढला की ते रडे. हा खिशातून कवा निघते तिले समजेच नाई." त्यानं कॅमेरा तिच्या हातात ठेवला. "हे पाहा. इथी फूल दिसते ना? फुलाचं बटण दाबलं का जवळचं दिसते. चार बोटावरचं. हे दुसरं दाबलं का फोटो मोठा होते. बस."

"फूल म्हणजे जवळचं," भागीरथाबाई म्हणाली.

"हाव. आन् याले पाण्यात बुडवू नोका. हाबी पाण्यासाठी नाई."

"पाण्यासाठी कोणीच नाई दिसत," ती म्हणाली. "पाण्यासाठी आमीच हाव."

चार दिवस आभाळ भरून राहिलं, पाणी काळं राहिलं. पाचव्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा सभा दोन दिवसांवर होती. रुखमाबाईनं आपली जुनी काळी छत्री घेतली.

"ऊन हाय ना मावशी. छत्री कायले?"

"तुयासाठी नाई. पाण्यासाठी. पाण्यात पाहाचं तं सावली पाडा लागते, हे बी विसरली का कॅमेऱ्याच्या नादानं?"

खरंच विसरली होती. मासे धरणाऱ्या सगळ्या ढिवरांच्या पोरांना चालता येण्याआधी कळतं ते. उन्हातलं पाणी आरसा असतं. सावलीतलं पाणी खिडकी.

या वेळी दोघी उतरल्या, पाय न उचलता, गाळातून सरकवत. पिल्लांचा ढग लहान झाला होता आणि रंग विझत आला होता. कडेची पिल्लं काळपट दिसत होती. रुखमाबाईनं छत्री तिरपी धरली. पांढरं पाणी विझलं आणि खालचं दिसायला लागलं: देवधानाची मुळं, गाळ, पिल्लांच्या हलत्या सावल्या.

भागीरथाबाईनं चोळीत खोचलेल्या पन्नीतून कॅमेरा काढला. फुलाचं बटण दाबलं. हात लांब करून कॅमेरा पाण्यावर चार बोटं धरला. डोळा कुठंच न्यावा लागला नाही. डोळा होता तिथंच, आणि पडद्यावर पिल्लांचे डोळेसुद्धा दिसत होते. ती बटण दाबणार, तेवढ्यात रुखमाबाई कुजबुजली, "थांब. दम घेऊ दे तिले."

मरळीला अधूनमधून हवेसाठी वर यावं लागतं. भागीरथाबाई थांबली. खांदा भरून आला. नाकावर माशी बसली. ढगाखालचं पाणी काळं झालं, आणि तिनं दाबलं. काही आवाजच आला नाही. निघाला की नाही, हेही तिला कळलं नाही. पाण्यावर बुडबुडा फुटला, आणि सगळं परत मोकळं.

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. बातमी आधीच पोचली होती, कारण निकेशचा गळा रिकामा होता.

"दीड किलोचं पावशेर करून आणलं," बापूरावांनी सुरुवात केली, अगदी ठरल्यासारखी. "म्या तवाच म्हणलं होतं."

"भाऊ, आधी फोटो पाहा, मंग वजन करा," भागीरथाबाई म्हणाली.

कॅमेरा हातोहात फिरला. आगपेटीपेक्षा थोडा मोठा पडदा. एकेका वेळी चारचार डोकी त्याच्यावर वाकली. एरवी एकमेकांच्या बांधावरून भांडणारी डोकी, आज एकमेकांना टेकली.

"मेगापिक्सेल कमी हाय," निकेश म्हणाला.

"लाल डाग हाय हे तं," कोणी म्हणालं. "कुंकू सांडलं असन कोणाचं."

पत्रूनं नीट पाहिलं. "पिल्लं हाय," तो हळूच म्हणाला.

"पिल्लं कायचीबी असू शकते," बापूराव म्हणाले. त्यांनी अजून कॅमेरा हातात घेतला नव्हता. "मरळीचेच कशावरून? मायबापाबिगर कसा पुरावा होईन?"

चाळीस वर्षं मासे धरलेला माणूस शेंदरी पिल्लं कोणाची म्हणून विचारत होता. भागीरथाबाईला त्याच्याकडे पाहावंसंही वाटेना. खोटं बोलणाऱ्याचा राग येतो. आपल्याच हाताच्या खुणेला खोटं पाडणाऱ्याचा रागही येत नाही, नुसतीच शिसारी येते. ग्रामसेवकाचं पेन कागदावर थांबलं होतं.

"दे पाहू इकडं," रुखमाबाईनं हात पुढे केला. पडदा ऑपरेशनच्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला. "हे काय. खाली नाई का थे. माय."

"काडी हाय थे, आजी," निकेश म्हणाला.

"तुई काडी!"

व्हरांडा हसला. भागीरथाबाईनं कॅमेरा घेतला, दुसरं बटण दाबलं, परत दाबलं. पिल्लं कडेला सरकली, मधला काळा पट्टा वाढत वाढत पडदाभर झाला. तिनं तो पडदा बापूरावांच्या तोंडासमोर धरला.

बापूरावांना घ्यावाच लागला. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. पाहिलं. मग कॅमेरा थोडा लांब धरून पाहिलं. त्यांचा डावा हात आपोआप वर आला, तळवा उघडा, बोटं किंचित वाकलेली. मासा हातात घेताना येतो तसा. हात दोनदा खालीवर झाला.

"अडीच किलो," ते म्हणाले. "भरनच."

"अडीच कायची?" पत्रू मागून उठला. "तीनच्या खाली नाई. डोस्कं पाहा ना तिचं."

"तुले काय समजते रे? डोस्क्यावर जाऊ नोको. पिल्लं राखते तवा मरळ खात नाई, वजन उतरते तिचं. एरवी तीन असती, मान्य हाय. आज अडीच."

"पावणेतीन तं म्हणा जी."

"अडीच! म्या धरल्या का तू धरल्या त्या कोन्यात?"

आणि मग बापूरावांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. तळवा अजून हवेतच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हळूच तो खाली घेऊन मांडीवर ठेवला.

"लिवा जी," भागीरथाबाई ग्रामसेवकाला म्हणाली. "देवधानाचा कोना. मरळ एक, पिल्लायसंगं. अध्यक्षायनं वजनासकट ओळखली."

ग्रामसेवकानं मान खाली घातली. तो हसत होता की लिहीत होता, दिसलं नाही. पण पेन चाललं. जेसीबीला दुसरीकडून उतार करायचं ठरलं. त्याला खर्च जास्त लागेल म्हणून दोघं-तिघं कुरकुरले. बाकीच्यांचा वाद अडीच की तीन यावरच अडकून होता आणि तो पोळा उलटला तरी मिटणार नव्हता. निकेश म्हणाला, मोठ्या कॅमेऱ्यानं हाच फोटो आणखी भारी आला असता. त्याचं कोणी ऐकलं नाही. ते पाहून भागीरथाबाईला त्याची थोडी दया आली, पण फार नाही.

व्हरांडा रिकामा झाला. रुखमाबाई छत्री टेकत पुढे निघाली. भागीरथाबाई कॅमेरा पन्नीत घालत होती, तेव्हा बापूराव परत आले. एकटेच. चष्मा नाकावरच होता.

"बाई," ते म्हणाले, "अजून एक डाव दाखवतं का?"

तिनं कॅमेरा काढला, फोटो मोठा केला आणि त्यांच्या हातात दिला. बापूराव खांबाला टेकले. मरळीला पाहत राहिले, पुराव्याला लागतं त्याच्यापेक्षा बराच वेळ. करंगळीवरची ती जुनी खूण अंगठ्यानं चोळत.

"मोठी झाली व," ते म्हणाले, कोणाच्या पोरीबद्दल बोलावं तसं.

"पाहून घ्या," भागीरथाबाई म्हणाली. "काट्यावर नाई चढाची हे."